मूळपुरुषाच्या आधी कोण होते?

परभणी जिल्ह्यातील एखाद्या जुन्या शेतकरी घराण्याची वंशावळ पाहिली, तर तिचा आकार बहुधा ठरलेला असतो. सर्वांत वर एकच नाव. त्याखाली दोन-तीन मुलगे, त्यांच्याखाली त्यांचे मुलगे, आणि खाली येता येता कागदाची रुंदी पुरत नाही. वरच्या त्या एका नावाला आपण 'मूळपुरुष' म्हणतो. हा कागद वर्गात दाखवला तर एखादा विद्यार्थी नक्की विचारील, "पण याचे वडील कोण?" प्रश्न अगदी बरोबर आहे. मूळपुरुषालाही आईवडील होते, आजी-आजोबा होते. मग वंशावळ त्याच्यापाशीच का थांबते? आणि त्या कागदावर बायकांची नावे का नसतात?

या प्रश्नांची उत्तरे शोधताना एक गोष्ट ध्यानात येते. वंशावळ हा एक पुरावा आहे. कोणताही पुरावा ज्या कामासाठी तयार झाला, त्या कामापुरतेच बोलतो. ते काम कोणते होते हे कळले, की वंशावळ काय सांगते आणि काय सांगत नाही, हे दोन्ही वाचता येते.

हा विषय आज केवळ हौसेचा राहिलेला नाही. मराठवाड्यातील निजामकालीन कागदांमध्ये 'कुणबी' अशा नोंदी शोधण्यासाठी राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हापासून पणजोबांच्या नावाचा कागद शोधणारी माणसे तहसील कार्यालयात, भूमी अभिलेख कार्यालयात आणि शाळांतही येऊ लागली. जुनी नोंद सापडली तरी ती आपल्याच पूर्वजाची आहे हे दाखवायला वंशावळ लागते. वारसाची नोंद, जमिनीची वाटणी, जातीचा दाखला अशा अनेक कामांत हा कागद निर्णायक ठरतो. म्हणून तो नीट वाचता आला पाहिजे.

पहिला नांगर

अमेरिकेत पश्चिमेकडे सरकत गेलेल्या शेतकरी कुटुंबांच्या वंशावळी तिथले लोक मोठ्या आवडीने जुळवतात. १८६२ साली तिथे एक कायदा झाला. अर्जदाराने १६० एकर सरकारी जमिनीवर घर बांधून पाच वर्षे राहायचे आणि शेती करायची. मग जमीन त्याच्या मालकीची. या अर्जांत कुटुंबाची माहिती, घराचे वर्णन, साक्षीदारांचे जबाब असत. आज हेच कागद वंशावळी जुळवणाऱ्यांच्या उपयोगी पडतात. ती जमीन मुळात ओसाड नव्हती, तिथे आधीपासून आदिवासी जमाती राहत होत्या, ही गोष्ट मात्र त्या अर्जांवरून कळत नाही.

आपल्याकडेही जमीन लागवडीस आणणारी पहिली कुटुंबे होती, फक्त त्यांची कहाणी वेगळी आहे. गोदावरी, दुधना, पूर्णा यांच्या खोऱ्यांतील वस्ती फार जुनी. पण दुष्काळ आणि लढाया यांनी दख्खनमधील गावे पुन्हापुन्हा ओस पडत. १६३०-३२ चा दुष्काळ तर अतिशय भीषण होता. गाव उठले की शेतात हरळी आणि कुंदा माजत. या तणांची मुळे खोल जातात. अशी पडीक काळी जमीन फोडायला लाकडी मोठा नांगर आणि त्याला बैलांच्या तीन-चार जोड्या लागत. इतके बैल एका घरी कुठून असणार? म्हणून भाऊबंद आणि शेजारी एकत्र येऊनच हे काम होई.

पहिली एक-दोन वर्षे हाती फारसे पीक लागत नसे. म्हणून राज्यकर्ते गाव वसवणाऱ्याला 'कौल' देत. त्यात 'इस्तावा' म्हणजे सवलतीचा चढता सारा ठरलेला असे: पहिल्या वर्षी अगदी थोडा, पुढे दरसाल वाढत जाऊन काही वर्षांनी पूर्ण. जो पुढाकार घेऊन गाव वसवी, त्याला पुष्कळदा पाटीलकीचे वतन मिळे. गावात ज्यांचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क ते मिरासदार किंवा थळकरी, आणि मागून येऊन कसणारे ते उपरी. ज्या घराण्यात कोणी उरले नाही, त्याची जमीन 'गतकुळी' म्हणून नोंदली जाई.

आता मूळपुरुषाचा उलगडा होतो. अनेक घराण्यांत मूळपुरुष म्हणजे ज्याला वतन किंवा मिरास मिळाली तो माणूस. हक्क त्याच्यापासून सुरू झाला, म्हणून वंशावळही त्याच्यापासून सुरू झाली. त्याच्या बापाचे नाव लोक विसरले असतील असे नाही. ते सांगण्याची कोणाला गरज नव्हती.

वंशावळ केव्हा लिहिली जाते?

घरात सारे सुरळीत असताना वंशावळ क्वचितच लिहिली जाते. तंटा उभा राहिला की ती लिहिली जाते. मराठेशाहीत वतनाचा वाद गोतसभेपुढे येई, तेव्हा दोन्ही पक्ष आपला 'करीना' म्हणजे घराण्याची हकीकत मांडत. कोण थोरला, कोण धाकटा, कोण परागंदा झाला, कोणाचा वंश खुंटला, हे पिढीवार सांगत. निकालाचा महजर होई. या कागदांमुळे शेतकरी घराण्यांच्या अनेक पिढ्या आपल्याला ठाऊक आहेत. पण हकीकत सांगणारा हा दावेदार होता, हे विसरून चालणार नाही. आपली शाखा थोरली दाखवण्यात त्याचा फायदा होता.

ज्यांचा तंट्याशी संबंध नाही अशांनी राखलेल्या नोंदीही आहेत. तीर्थक्षेत्री उपाध्यायांकडे यजमानांच्या गावानुसार आणि आडनावानुसार वह्या असतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेलेल्या माणसाला स्वतःच्या पणजोबांचे नाव तिथे ऐकायला मिळते ते या वह्यांमुळे. उत्तरेकडील हरिद्वारसारख्या तीर्थांवरील अशा वह्यांची सूक्ष्मचित्रे अमेरिकेतील युटा येथील वंशावळी संस्थेने १९७७ पासून घेतली. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात हेळवी लोक ठरावीक घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या येतात आणि वंशावळ वाचून दाखवतात. या नोंदींनाही मर्यादा आहेत. जो यात्रेला गेलाच नाही, त्याचे नाव उपाध्यायाच्या वहीत येणार कसे?

परभणीचे कागद

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. १९९९ मध्ये त्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे इथल्या एकाच घराण्याचे कागद वेगवेगळ्या लिप्यांत आणि वेगवेगळ्या कालगणनांत सापडतात. संस्थानचा कारभार आधी फारसीत आणि पुढे उर्दूत चाले. गावच्या कुळकर्ण्याचे दप्तर मोडीत असे. सनही फसली असे. हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळवले, की तो सन ज्या इसवी सनात सुरू झाला ते साल मिळते. उदाहरणार्थ, १३०० फसली म्हणजे १८९०-९१. शके असेल तर ७८ मिळवावे. हे गणित चुकले, की मुलगा बापाच्या आधी जन्मलेला निघतो!

विलीनीकरणानंतरचा महत्त्वाचा कागद म्हणजे १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक. मराठवाड्यात जमिनीचा मागोवा घेताना पुष्कळदा याच कागदापासून सुरुवात करतात. १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्यामुळे कुळांच्या नोंदीही झाल्या. इथे एक गंमत पाहा. 'कुळ' म्हणजे वंश, आणि 'कूळ' म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. जमीनमालकाची वंशावळ अनेक पिढ्यांची मिळते; कसणाऱ्या कुळाचे नाव मात्र पुष्कळदा या नोंदींतच पहिल्यांदा कागदावर आलेले दिसते. त्यानंतर सात-बारा, फेरफार नोंदवही आणि वारस नोंदवही यांतून पुढच्या पिढ्या जोडता येतात.

आणखी एक दप्तर तुमच्या-आमच्या शाळेत आहे. शाळेचे जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेश-निर्गम नोंदवही. विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, जात, जन्मतारीख, जन्मगाव त्यात असते. जुन्या शाळांतील ही रजिस्टरे आज फार मोलाची ठरली आहेत. त्यांतल्या जन्मतारखा मात्र जपून वाचाव्यात. एकेका वर्गात इतक्या मुलांचा जन्म १ जूनलाच कसा झाला, याचे कारण शिक्षकांना वेगळे सांगायला नको. शाळेत नाव घालताना अंदाजाने लिहिलेली तारीख पुढे जन्मभर खरी ठरते. ती तारीख वयाचा पुरावा म्हणून कच्ची असली, तरी हा मुलगा अमुक साली या गावी होता, याचा पुरावा म्हणून ती नोंद पक्की आहे.

नावांचा गुंता

जुन्या कागदांत आडनाव पुष्कळदा नसतेच. 'अमुक बिन तमुक' किंवा हैदराबादी वळणाने 'अमुक वल्द तमुक' असे, म्हणजे 'तमुकचा मुलगा अमुक' असे लिहिलेले असते. त्यात आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवायची रीत. मग एकाआड एक पिढीत तीच नावे येतात.

सर्वांना माहीत असलेले भोसले घराणे घेऊ. शिवाजी महाराजांच्या थोरल्या भावाचे नाव संभाजी. महाराजांच्या थोरल्या मुलाचे नाव संभाजी. राजाराम महाराजांच्या एका मुलाचे नावही संभाजी, तेच पुढे कोल्हापूरच्या गादीवर आले. संभाजी महाराजांच्या मुलाचे मूळ नाव शिवाजी, त्यांनाच आपण शाहू महाराज म्हणतो. आणि ताराबाईंच्या मुलाचे नावही शिवाजी. म्हणजे तीन पिढ्यांत तीन शिवाजी आणि तीन संभाजी! राजघराण्याचे कागद विपुल आहेत, म्हणून आपला गोंधळ होत नाही. साध्या शेतकरी घरात अशी दोन माणसे एकच समजली गेली तर मधल्या दोन पिढ्या नाहीशा होतात. एकच माणूस दोनदा मोजला गेला तर पिढ्या वाढतात.

यावर एक सोपी चाचणी आहे. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, संभाजी महाराजांचा १६५७ चा आणि शाहू महाराजांचा १६८२ चा. अंतरे २७ आणि २५ वर्षांची. पण राजाराम महाराजांचा जन्म १६७० चा, म्हणजे वडिलांशी अंतर ४० वर्षांचे. थोरल्या मुलाची आणि धाकट्या मुलाची शाखा यांत इतका फरक पडतो. बऱ्याच पिढ्यांची सरासरी काढली तर बाप-लेकातील अंतर साधारण २५ ते ३५ वर्षांत बसते. आता एखादी वंशावळ ३०० वर्षांत सहाच पिढ्या दाखवत असेल, तर सरासरी ५० वर्षे येते. पिढ्या गळाल्याचा संशय घ्यावा. ३०० वर्षांत वीस पिढ्या असतील, तर सरासरी १५ वर्षे येते. भाऊ-भाऊ बाप-लेक म्हणून मांडले गेले का, ते पाहावे. या चाचणीने वंशावळ सिद्ध होत नाही, पण तपासणी कुठे करायची ते कळते.

पूर्वज किती?

आता वंशावळ उलटी धरू. मूळपुरुषापासून खाली येण्याऐवजी आपल्यापासून वर जाऊ. आईवडील २, आजी-आजोबा दोन्हीकडचे मिळून ४, त्यांचे आईवडील ८. दर पिढीला दुप्पट. दहाव्या पिढीत १,०२४ पूर्वज होतात. त्यांतले ५१२ पुरुष. आडनावाच्या वंशावळीत त्यांच्यापैकी येतो फक्त एक.

असेच वर गेलो तर तिसाव्या पिढीत १०७ कोटींहून अधिक पूर्वज निघतात. तीस पिढ्या म्हणजे सुमारे आठ-नऊशे वर्षे. तेव्हा साऱ्या जगाची लोकसंख्या ५० कोटींच्याही आत होती. मग हे १०७ कोटी आले कुठून? उत्तर असे, की तीच माणसे आपल्या वंशवृक्षात अनेक जागी बसलेली असतात. मराठवाड्यात मामाच्या मुलीशी लग्न करायची चाल आहे. अशा जोडप्याच्या मुलाला पणजी-पणजोबांच्या आठ जागा असतात, पण माणसे सहाच; कारण एक जोडपे दोन्ही बाजूंनी येते. दूरच्या नात्यांतही तेच घडते. काही पिढ्या मागे गेले, की गावातील आणि पंचक्रोशीतील घराणी एकमेकांत गुंतलेली दिसतात. वृक्ष म्हटला तरी प्रत्यक्षात ती जाळी आहे.

जीवशास्त्रातही याला अर्थ आहे. पूर्वजांपैकी कोणाकडून काय येते? वडिलांकडून मुलाला मिळणारे वाय गुणसूत्र बापाकडून लेकाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. आडनावाचा मार्ग तोच. पेशीतील तंतुकणिकांचा डीएनए मात्र आईकडून येतो: आई, तिची आई, तिची आई असा. तो मार्ग दाखवणारी वंशावळ आपल्याकडे कोणीच लिहीत नाही. बाकीची सारी गुणसूत्रे दर पिढीत मिसळतात आणि निम्मी पुढे जातात. त्यामुळे दहा पिढ्यांमागील अनेक पूर्वजांचा एकही तुकडा आपल्यात उरलेला नसतो. मूळपुरुषाचे 'रक्त' साऱ्या भाऊबंदांत सारखे वाहते, ही कल्पना आनुवंशिकीच्या हिशेबात बसत नाही.

वैद्यकात मात्र वंशावळीचा थेट उपयोग होतो. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल आजारात सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून आले तरच आजार पूर्णपणे प्रकट होतो. आते-मामे भावंडांच्या मुलात एखाद्या जागी दोन्ही जनुके एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता १६ त १ असते. म्हणून डॉक्टर कुटुंबाचा तक्ता काढतात. त्यात चौकोन म्हणजे पुरुष आणि वर्तुळ म्हणजे स्त्री. वर्तुळे गाळून हा तक्ता काढताच येत नाही.

गाळलेली नावे

महसुली वंशावळीत मात्र ही वर्तुळे अनेक पिढ्या गाळलेली आहेत. कारण उघड आहे: ती वंशावळ जमिनीच्या वाटेने चालते आणि जमीन मुलांकडे जाई. विधवेचे नाव सात-बारावर येते ते बहुधा 'अमुकबाई भ्रतार तमुक' असे, म्हणजे नवऱ्याच्या नावाने. तिचे माहेर, तिच्या बापाचे नाव, यांचा पत्ता लागत नाही. लेकीचे नाव तर पुष्कळदा येतच नसे.

याची दुसरी बाजूही परभणीच्याच परिसरात आहे. नरसी हे संत नामदेवांचे गाव मानले जाते. ते आता हिंगोली जिल्ह्यात येते. नामदेवांच्या आईचे नाव गोणाई, पत्नीचे राजाई, हे मराठी माणसाला पाठ असते. गंगाखेडच्या जनाबाईंचे नावही त्या कुटुंबासोबतच घेतले जाते. सातशे वर्षांपूर्वीच्या या स्त्रियांची नावे अभंगांनी टिकवली, कारण अभंगाला वाटणी करायची नव्हती. जात्यावरच्या ओव्यांतही बायका माहेरचे गाव, आई, भाऊ यांची आठवण काढतात. म्हणजे बायकांना वंशावळ ठाऊक नव्हती असे नाही. त्यांना ठाऊक असलेली वंशावळ दप्तरात गेली नाही.

आज हे गाळणे कायद्याच्या विरुद्ध आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांची वारस मानले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये दुरुस्ती करून तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना वडिलार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो सर्वच मुलींना मिळाला. त्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तरीही वारसाची नोंद करताना बहिणींची नावे सांगितली न जाणे, किंवा नावे लावून लगेच हक्कसोड लिहून घेणे, हे चालूच आहे. जमिनीचा तुकडा लहान, म्हणून हात आखडतो, असे सांगतात. तुकडे लहान झाले हे खरे आहे. महाराष्ट्रात एका खातेदाराची सरासरी जमीन १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टर झाली. पण या तुकड्यांचे कारण बहिणी नव्हेत. दर पिढीला दोनच मुलगे धरले तरी मूळपुरुषाच्या ६४ एकरांचे पाच पिढ्यांत ३२ वाटेकरी होतात आणि प्रत्येकाला २ एकर येतात. हे गणित एकाही मुलीला वाटा न देता केलेले आहे.

वर्गात काय करता येईल?

आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना एक तक्ता करायला सांगावा. स्वतःपासून सुरुवात करून वर जायचे. आई आणि वडील या दोन्ही बाजूंना सारखी जागा ठेवायची. नावासोबत जन्मगाव आणि अंदाजे साल लिहायचे. प्रत्येक माहितीपुढे ती कशावरून मिळाली हे लिहायचे: आजीने सांगितले, सात-बारा, जुने रेशनकार्ड, शाळेचा दाखला. सालाची आठवण नसेल तर घटनेचा आधार घ्यावा. 'बहात्तरच्या दुष्काळात मी रांगत होतो,' असे सांगणाऱ्याचे जन्मसाल काढता येते. मग दोन पिढ्यांतील अंतर मोजायचे आणि न जुळणाऱ्या जागेवर प्रश्नचिन्ह ठेवायचे. प्रश्नचिन्ह राहिले तर गुण कापू नयेत. पुरावा नसताना रिकामी जागा भरणे ही खरी चूक.

एक काळजी घ्यावी. काही मुलांच्या घरी वडील नसतात, काही दत्तक असतात, काहींच्या घरी जुना कागद एकही नसतो, कारण त्यांच्या पूर्वजांकडे जमीनच नव्हती. तक्ता सर्वांसमोर वाचायची सक्ती करू नये. कागद नाही म्हणजे पूर्वज नाहीत असे होत नाही. प्रत्येकाचे दहाव्या पिढीतले पूर्वज १,०२४ च, हे सर्वांना सारखेच लागू आहे.

बहुतेक तक्त्यांत एक गोष्ट दिसेल. वडिलांच्या बाजूला चार-पाच नावे सरळ वर जातील. आईच्या आईची आई कोण, तिथे पेन थांबेल. ते नाव सांगू शकणारी आजी कदाचित अजून घरात असेल. तिला विचारायला विद्यार्थ्यांना याच आठवड्यात पाठवावे.